मास्तरांनी बेतलेलं जेवण

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कोट, पँट आणि पडदे शिवणारे मास्तर. गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. असलंच तर ते त्यांच्या बायकोलाही चटकन आठवलं नसतं, कारण ती त्यांना जन्मभर ‘अहो’च म्हणत आली होती. तिला गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत उरलेला सगळा संसार. पुढे मास्तरांचं राज्य, मागे मास्तरीणबाईंचं, आणि ही सरहद्द दोघंही पाळायचे. मास्तर स्वयंपाकघरात जायचे ते पाणी प्यायला, आणि तेव्हाही प्यालेलं भांडं कुठे ठेवू, असं विचारायचे.

आई स्वयंपाक छान करते, असं प्रत्येकच घरात म्हणतात. निम्म्या घरांत ती प्रेमापोटी मारलेली थाप असते, हे आपण आपसात कबूल करायला हरकत नाही. पण मास्तरीणबाईंच्या हाताला खरोखरच चव होती. लग्नाआधी त्या एका खानावळीत कामाला होत्या. खानावळीची मालकीण इटलीहून आलेली एक विधवा बाई. अंगानं आडवी, जिभेनं तिखट आणि टोमॅटोच्या बाबतीत कमालीची संशयी. मास्तरीणबाई तिथे भांडी घासायला म्हणून लागल्या आणि त्या बाईच्या शिव्या खात खात सगळा स्वयंपाक शिकून बाहेर पडल्या. टोमॅटोला घाई खपत नाही, लसूण तांबूस झाला की संपला, पास्त्याच्या पाण्यात मीठ घालताना हात आखडता घेऊ नये. हे त्या बाईचे नियम मास्तरीणबाईंच्या घरात कायद्यासारखे चालायचे.

एरवीच्या दिवशी साधंच असायचं. तेलात लसूण परतून त्यात घोळवलेला पास्ता. उरल्यासुरल्या भाज्या आणि मूठभर घेवड्याचे दाणे टाकून केलेलं दाट सूप. घरात कुणी आजारी पडलं की लोण्यात परतलेले तांदूळ, त्यात थोडं थोडं गरम पाणी घालत, ढवळत ढवळत केलेला मऊ रिसोटो. रविवारी मात्र राव्हिओली. पातळ लाटलेल्या पिठाचे चौकोन, आत लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचं ताजं चीज आणि पालक, वर लसणाच्या तेलात मुरलेला टोमॅटोचा सॉस. लेक लहान होती तेव्हा तिनं त्यांना ‘उशा’ म्हटलं होतं. घरात तेच नाव पडलं आणि पुढे लेकीचं लग्न झालं तरी बदललं नाही. दर रविवारी मास्तर पुढच्या खोलीत शिवण खाली ठेवायचे ते टोमॅटोच्या वासावर. घड्याळाची त्यांना गरजच नव्हती.

त्या हिवाळ्यात मास्तरीणबाईंचा न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड सांधलं, पण बोटं काही मिटेनात. डॉक्टर म्हणाले, हात चालवा म्हणजे चालेल. घरी आल्या आल्या त्यांनी लाटणं धरून पाहिलं. ते हातातून सुटलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. त्यांनी ते वाकून काढलंही नाही. मधल्या खोलीतली खुर्ची खिडकीशी ओढली, स्वयंपाकघराकडे पाठ केली आणि तिथेच बसून राहिल्या. त्या दिवसापासून गॅस फक्त चहापुरता पेटू लागला.

जेवण कोपऱ्यावरच्या हॉटेलातून डब्यात येऊ लागलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, मास्तरांना ते बाहेरचं सोसेना. संध्याकाळ झाली की ते पोटावर हात ठेवून शिवणाच्या मशीनपाशी नुसते बसायचे. आणि मास्तरीणबाई तर त्यांच्याबरोबर जेवायच्याही नाहीत. डाव्या हातानं खाताना सांडायचं, ते कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्या मागाहून, एकट्या, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. मास्तरांनी एकदा “आण इकडे, मी तुकडे करून देतो,” असं म्हणून पाहिलं होतं. “नको,” त्या म्हणाल्या. एवढाच शब्द, पण मास्तरांनी पुन्हा विचारायची हिंमत केली नाही.

अशात लेकीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि आईच्या पडण्यानंतर तिची धावपळ चालूच होती.

“बाबा, रविवारी मी येते. एकदाचं ठरवून टाकू. तुम्ही दोघं माझ्याकडेच राहायला या. खोली रिकामी करून ठेवली आहे.”

“आणि दुकान?”

“बाबा, आता किती दिवस दुकान करणार तुम्ही? आईकडे बघा जरा.”

मास्तर ‘बरं, ये’ म्हणाले आणि फोन ठेवला. लेकीचं काही चुकत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. जावई चांगला, घर चांगलं, खोलीला खिडकीसुद्धा होती. पण त्या खोलीत कापडं बेतायचं टेबल मावणार नव्हतं, आणि लेकीच्या स्वयंपाकघरात मास्तरीणबाईंना कुणी काम सांगणार नव्हतं. ‘आई, तू बस’ असं सगळे मायेनं म्हणणार आणि त्या बसणार, कायमच्या. मास्तरांना भीती वाटत होती ती याचीच. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात पुष्कळदा आलं. पण ‘चला, जाऊ’ असं ती म्हणाली तर मग बोलायला काही उरणार नाही, म्हणून ते गप्प बसले.

पुरुषमाणूस घाबरला की एकतर ओरडतो, नाहीतर काहीतरी अचाट करायला निघतो. मास्तरांना ओरडता येत नसे. त्यांनी ठरवलं की रविवारी आपण स्वतः उशा करायच्या. लेक आली की तिला दिसलं पाहिजे की या घरात अजून शिजतं, भागतं, दोन माणसं कुणावर ओझं न होता जेवतात. आजवर त्यांनी साधं अंडंसुद्धा उकडलं नव्हतं, ही गोष्ट त्यांना किरकोळ वाटली.

शनिवारी ते टोमॅटो आणायला गेले. भाजीवाली त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती, पण पिशवी घेऊन आलेले पहिल्यांदाच पाहत होती. मास्तर टोमॅटो अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळून बघायला लागले.

“मास्तर, सुती आहे की रेशमी?” तिनं विचारलं.

“पिकलेला आहे का ते बघतोय.”

“अहो, तो दाबायचा नसतो, हुंगायचा असतो. द्या इकडे, मीच निवडून देते. बाई बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत,” मास्तर म्हणाले, आणि खोटं बोलल्यासारखं वाटून त्यांनी गरजेपेक्षा जास्त पालक घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, कपाटाखालून शिवणाच्या पट्टीनं लाटणं बाहेर ओढलं, धुतलं आणि कामाला लागले. मास्तरीणबाई खिडकीशी, पाठमोऱ्या. काय चाललंय असं त्यांनी विचारलं नाही आणि मास्तरांनीही सांगितलं नाही. दूध फाडलं, ते जमलं. फडक्यात बांधून टांगलं, ती गाठ तर अशी मारली की पुढे सोडवताना त्यांनाच घाम फुटला. मग कढईत तेल घातलं, तेल तापलं, आणि त्यांनी लसूण टाकला.

“जळतोय,” मधल्या खोलीतून आवाज आला.

मास्तर दचकले. “काय?”

“लसूण. गॅस मोठा आहे. जळला तो आता, टाकून द्या. दुसरा घ्या.”

“तुला तिथून कसं कळलं?”

“चर्र वाजतोय. लसूण चर्र वाजला की गेला. तो नुसता कुजबुजला पाहिजे.”

मास्तरांनी लसूण टाकून दिला, दुसरा सोलला, गॅस बारीक केला आणि कान देऊन उभे राहिले. लसूण कुजबुजायला लागला. आतून आणखी एक हुकूम आला, “कांद्याचे नुसते दोन भाग करा, बारीक चिरू नका.” थोड्या वेळानं, “झाकण अर्धवट ठेवा.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण मास्तरांना त्याचा राग येण्याऐवजी अंगात हुशारी आली. मास्तरीणबाईंची पाठ अजून स्वयंपाकघराकडेच होती, हे खरं. पण मान जराशी वळली होती.

पीठ मळून, लाटून झाल्यावर मात्र मास्तरांना कुणाच्या सल्ल्याची गरज उरली नाही. चौकोन कापणं हे त्यांचं काम. ओट्यावर जागा पुरेना, म्हणून त्यांनी पुढच्या खोलीतल्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि लाटलेलं पीठ हातांवर तोलून तिथे नेलं. कात्री उकळत्या पाण्यातून काढली. सवयीनं खडूही उचलला होता, पण वेळीच शुद्धीवर आले. टेपनं माप घेतलं, पट्टी ठेवून कापलं. एका चौकोनावर चमचाभर सारण, त्यावर दुसरा चौकोन, आणि कडा दाबायला कापडावर खुणा करायचं दातेरी चक्र. तेही उकळून घेतलेलं. चारही बाजूंनी दुहेरी शिवण मारावी तसं त्यांनी ते फिरवलं. एकेक उशी अशी बसली की गिऱ्हाइकाला दाखवावी.

आणि इथेच घोटाळा झाला. मास्तरांनी आयुष्यभर कापडं बेतली होती. सुती कापड पाण्यात पडलं की आटतं, म्हणून शहाणा शिंपी आधीच सढळ हातानं बेततो, हे त्यांना झोपेतसुद्धा कळत होतं. उशा तर चक्क उकळत्या पाण्यात पडायच्या होत्या. तेव्हा त्यांनी हिशेबानं चांगली वाढवूनच मापं धरली. शिजून आटल्या की बरोबर नेहमीएवढ्या होतील. एवढी दूरदृष्टी आपल्याला कुणी शिकवली नाही, आपली आपल्याला सुचली, म्हणून ते मनातून खूशही झाले.

पाणी उकळलं. मास्तरांनी उशा सोडल्या आणि झाऱ्या हातात घेऊन वाट पाहत उभे राहिले.

पाच मिनिटं स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही.

“अहो,” मधल्या खोलीतून हाक आली. “झालं का?”

“अहो, भाजलं का कुठे?”

मग खुर्ची सरकली. मास्तरीणबाई उठल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आल्या. मास्तर पातेल्यावर वाकून उभे होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. पातेल्यात पाणी दिसतच नव्हतं. एकमेकींना ढकलत, फुगत, काठावरून डोकावत उशा वर येत होत्या.

“एवढ्या मोठ्या का कापल्यात?”

“पाण्यात आटतील म्हणून,” मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. “आटतील?” त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि शेवटी ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अहो, या उशा कुठल्या, या तर गाद्या झाल्या! सगळी गल्ली झोपेल यांच्यावर!”

“पण एकही उसवली नाही, ते बघ,” मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

लेक दारात येऊन उभी राहिली ती नेमकी तेव्हाच. हातात जेवणाचा डबा होता. आईला गप्प पाहायची तिला इतकी सवय झाली होती की आधी तिला वाटलं, रडणंच चाललंय. ती धावत आत आली. आई ओट्याशी उभी राहून डाव्या हातानं सॉसवर घालायची बेसिलची पानं तोडत होती आणि बापाला सांगत होती, “आता त्यांना तसंच पाण्यात पोहत ठेवू नका, काढा!” लेकीनं आपला डबा मुकाट्यानं बाजूला ठेवला.

तिघं मधल्या खोलीत टेबलाशी बसली. मास्तरीणबाईही बसल्या, जरा अवघडून, हात मांडीवर लपवून. एका बशीत एकच उशी मावत होती. लेकीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सॉस आईचा होता, यात शंका नव्हती, मग तो ढवळणारा हात कुणाचा का असेना. मास्तरांनी मात्र अजून काटा उचलला नव्हता. त्यांनी आठवडाभर मनात घोळवलेलं भाषण सुरू केलं.

“हे बघ बाळ, तू म्हणतेस ते आमच्या भल्याचंच आहे. पण आमचं इथे भागतंय. आज जरा मापं चुकली, पुढल्या वेळी चुकणार नाहीत. तू आमचा एवढा घोर लावून घेऊ नकोस. आम्हाला न्यायचा हट्ट सोड.”

लेकीनं काटा खाली ठेवला. “माझा हट्ट?” तिनं आईकडे पाहिलं. “आई, तू यांना सांगितलं नाहीस?”

“काय सांगितलं नाही?” मास्तरांनी विचारलं.

“बाबा, आईनंच मला फोन केला होता. ‘आम्हाला घेऊन जा’ असं तीच म्हणाली. मी तर अजून महिनाभर थांबू म्हणत होते.”

ज्या माणसासाठी आपण लढाईला उभे राहिलो, तोच समोरच्या बाजूला निघाला म्हणजे करायचं काय? “खरं?” एवढंच त्यांनी विचारलं.

“खरं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आणि का म्हणू नये? माझा हात गेला. तुम्हाला बाहेरचं सोसत नाही. पोट धरून बसता आणि मी विचारलं की म्हणता, काही नाही, मशीनची सुई शोधतोय. मला काय कळत नाही? इतकी वर्षं तुम्हाला वेळेवर गरम खाऊ घातलं, तेवढं एकच तर मला येत होतं. आता तेही होत नाही. माझ्यापायी तुम्ही या वयात उपाशी का राहायचं? लेकीकडे निदान नीट जेवाल, म्हणून म्हटलं, ने बाई.”

“मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“नाहीच म्हणालो असतो!” मास्तरांचा आवाज चढला. तो कधी चढत नसल्यामुळे त्यांचा त्यांनाच मोठा वाटला, आणि ते पुन्हा खाली आले. “अगं, मला जेवण नकोय. म्हणजे हवंय, पण तेवढंच नकोय. तू मागे काम करताना बोलत असायचीस. गॅसशी, भांड्यांशी, माझ्या नावानं. पुढे बसून मला सगळं ऐकू यायचं. ते बंद झालं. तू शेजारच्या खोलीत असतेस आणि मला घर रिकामं वाटतं. लेकीकडे गेलो की तू पेशंट होशील आणि मी पाहुणा. आज सकाळी ‘जळतोय’ म्हणून माझ्यावर ओरडलीस ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. तुझा हात चालला नाही तरी चालेल मला. माझे दोन आहेत. पण तू अशी पाठ करून बसू नकोस गं. ते मला सोसत नाही.”

असं काही मास्तर आजवर बोलले नव्हते, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. लेक खिडकीबाहेर बघत राहिली. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले, ते मात्र विसरून उजव्या हातानं, बोटं मिटत नव्हती तशा उघड्या पंजानं.

मग खिडकीकडून वळून लेक म्हणाली, “आई, खोली तयार आहे. यायचं असेल तर आत्ता चला, आणि नसेल तर मी रुसणार नाही. पण तू सांग. बाबांचं ऐकून झालं.”

मास्तरीणबाईंनी काट्याच्या टोकाला थोडा सॉस घेतला, जिभेवर ठेवला.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि सॉस अजून बराच वेळ शिजायला हवा होता. यांना इतक्या अर्धवट शिकवून मी कुठे येऊ? राहू दे तुझी खोली.”

मग त्यांनी डाव्या हातात काटा धरून उशी तोडायचा प्रयत्न केला. ती एवढी मोठी, एवढी घट्ट दाबलेली, की बशीतच सरकत राहिली. त्यांनी पुन्हा एकदा काटा रोवून पाहिला. मास्तर बघत होते, पण हात पुढे करायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मास्तरीणबाईंनी काटा ठेवला आणि बशी त्यांच्याकडे सरकवली.

“एवढं कापून द्या मला,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तुकडे करून दिले. मास्तरीणबाई दोघांच्या समोर बसून, डाव्या हातानं, सांडत सांडत जेवल्या.